पाणी कोणाच्या नावावर?

चिलीची राजधानी सांतियागो. तिच्या उत्तरेला, दोनशे किलोमीटरच्या आत, पेतोर्का नावाचा प्रांत आहे. तिथे डोंगरउतारांवर पार माथ्यापर्यंत अ‍ॅव्होकाडोच्या बागा चढलेल्या दिसतात आणि खाली नदीचे पात्र कोरडे पडलेले असते. बागांतले फळ जहाजाने युरोपात जाते. नदीकाठच्या वस्त्यांना पिण्याचे पाणी टँकर आणून देतो. अ‍ॅव्होकाडोच्या जागी ऊस घातला तर हे वर्णन मराठवाड्यातल्या टंचाईच्या कुठल्याही वर्षाचे वाटेल. म्हणूनच पेतोर्काची हकिकत आपण नीट समजून घ्यायला हवी.

२०१० पासून मध्य चिलीत पावसाने वर्षानुवर्षे ओढ दिली, हे खरे. पण पाऊस बागेवर आणि वस्तीवर सारखाच कमी पडला होता. तरी बाग हिरवी राहिली आणि वस्तीची विहीर आटली. याचे कारण आकाशात सापडत नाही, १९८१ च्या एका कायद्यात सापडते. जनरल पिनोशे यांच्या लष्करी राजवटीने त्या वर्षी जलसंहिता आणली. तिने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा काढला, तो फुकट आणि कायमचा वाटला आणि ज्याच्याकडे तो गेला त्याला तो विकण्याची, भाड्याने देण्याची, गहाण ठेवण्याची मुभा दिली. पिण्याला पहिला मान, मग शेतीला, मग कारखान्याला, असा क्रम त्या वाटपात नव्हता. ज्यांना अर्ज करता येत होते, ज्यांच्या हाताशी वकील आणि अभियंते होते, खोल बोअर घेण्याइतके भांडवल होते, त्यांच्या नावावर पाणी चढले. नदीत जितके पाणी होते त्याहून जास्त पाण्याचे हक्क कागदावर वाटले गेले. माणसाच्या पिण्याला अग्रक्रम देणारी दुरुस्ती व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या राज्यघटनेचा मसुदा मतदारांनी फेटाळला आणि पाण्याचे जुने हक्क मोठ्या प्रमाणात जिथल्या तिथे राहिले.

पाण्याची चर्चा बहुधा ‘किती’ या प्रश्नापासून सुरू होते. पृथ्वीवरचे साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे. उरलेल्या अडीच टक्क्यांतले दोन तृतीयांशाहून अधिक बर्फात अडकलेले. राहिलेल्यातले बहुतेक जमिनीखाली. नद्या-तलावांत दिसते ते गोड्या पाण्याच्या एक टक्क्याहूनही कमी. हे आकडे खरे आहेत आणि शाळेपासून आपल्याला पाठ आहेत. त्यांतून मनात ठसते ते एवढेच की पाणी थोडे आहे आणि माणसे फार झाली आहेत. हा निष्कर्ष मला घातक वाटतो. तो टंचाईला निसर्गाच्या माथी मारतो आणि ज्यांनी वाटप ठरवले त्यांना मोकळे सोडतो.

काँगो नदीतून वाहणारे पाणी जगात फक्त अ‍ॅमेझॉनच्या खालोखाल आहे. आफ्रिकेतल्या भूपृष्ठावरच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा साठा काँगो लोकशाही प्रजासत्ताक या एका देशात आहे, आणि तिथल्या बहुसंख्य लोकांना स्वच्छ पिण्याचे पाणी मिळत नाही. उलट इस्रायलच्या निम्म्याहून अधिक भूभागावर वाळवंट आहे आणि तिथले नळ अहोरात्र चालतात. आपल्याला इतके लांब जायचीही गरज नाही. कोकणात तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

माणूस वर्षाला नद्या, तलाव आणि विहिरींतून सुमारे चार हजार घन किलोमीटर पाणी उचलतो. त्यातले साधारण सत्तर टक्के शेतीला जाते, वीस टक्के उद्योगाला आणि दहा टक्के घरात. जागतिक जलदिनी आपल्याला जे उपदेश ऐकवले जातात ते सगळे या शेवटच्या दहा टक्क्यांविषयी असतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर सोडून बादली घ्या. सवयी चांगल्याच आहेत. अमेरिकेतला माणूस घरात दिवसाला सुमारे तीनशे लिटर वापरतो, डेन्मार्कमधला शंभराच्या आसपास, आणि आपल्या ग्रामीण भागात जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी पंचावन्न लिटर आहे. ही दरी लाजिरवाणी आहे. पण तो अमेरिकी माणूस बादलीने आंघोळ करू लागला तरी कोलोरॅडो नदी समुद्राला मिळणार नाही, कारण ती नदी स्नानगृहांनी संपवलेली नाही.

कोलोरॅडोचे पाणी १९२२ च्या करारानुसार सात राज्यांनी वाटून घेतले. मोजणी नेमकी ओल्या वर्षांतली होती, त्यामुळे नदीत नसलेलेही पाणी वाटले गेले. नदीकाठच्या मूळ जमातींना त्या बैठकीत जागा नव्हती. मेक्सिकोचा वाटा ठरायला १९४४ साल यावे लागले. राज्याराज्यांच्या आत नियम एकच: ज्याने आधी पाणी उचलले त्याचा हक्क आधी, मग दुष्काळ पडो की काही होवो. याचा परिणाम पाहा. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल व्हॅलीच्या एकट्या सिंचन मंडळाकडे वर्षाला एकतीस लाख एकर-फूट पाण्याचा हक्क आहे. लास व्हेगाससकट संपूर्ण नेवाडा राज्याला मिळते तीन लाख. लास व्हेगासमधले शोभेचे गवत उपटून टाकण्याचा कायदा झाला, शहराने सांडपाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडले. शहराने करायचे ते सारे केले. नदीचे सर्वांत जास्त पाणी मात्र ज्या पिकांवर खर्च होते त्यांत गुरांचा चारा आघाडीवर आहे, आणि त्या चाऱ्यात मुख्य आपली ओळखीची लसूणघास.

या लसूणघासेचा सौदी अरेबियाशी संबंध आहे. सत्तरच्या दशकात सौदी सरकारने अन्नस्वावलंबनाचा ध्यास घेतला. वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात साठलेले पाणी होते, पुन्हा न भरणारे. तेलातून आलेल्या पैशाने ते उपसले गेले, गव्हाला जागतिक बाजारापेक्षा कितीतरी चढा भाव देण्यात आला आणि १९९० च्या सुमारास हा वाळवंटी देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जाऊन बसला. २००८ मध्ये सरकारला हा गहू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला आणि २०१६ मध्ये देशी गव्हाची खरेदी थांबली. पुढे चाऱ्यावरही बंधने आली. त्याआधीच, २०१४ मध्ये, अल्मराई या सौदी दूध कंपनीने अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात जवळपास दहा हजार एकर जमीन विकत घेतली. त्या भागात भूजल उपशावर मर्यादा नव्हती. तिथे पिकवलेली लसूणघास जहाजाने अरबस्तानातल्या गाईंपुढे जाऊ लागली. शेजारच्या विहिरी खाली गेल्यावर बोंब झाली आणि २०२३ मध्ये राज्याने सरकारी जमिनीवरचे काही भाडेपट्टे रद्द केले. कंपनीच्या मालकीच्या जमिनीखालच्या पाण्याला मात्र त्या निर्णयाने हात लागला नाही.

ब्रिटिश भूगोलज्ञ टोनी अ‍ॅलन यांनी नव्वदच्या दशकात या व्यवहाराला आभासी पाणी म्हटले आणि पुढे त्या विचारासाठी त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. धान्य, साखर, कापूस, मांस देशाबाहेर जाते तेव्हा त्यामागचे पाणीही जाते. अ‍ॅलन यांना यात आशाही दिसत होती: कोरड्या देशाने गहू आयात केला तर त्याची नदी वाचते. ते खरे आहे. पण व्यापार उलट्या दिशेनेही चालतो. पेरूच्या इका वाळवंटातून शतावरीची भाजी युरोप-अमेरिकेत जाते आणि इकाचे भूजल खाली जाते. मध्य आशियात सोव्हिएत सरकारने कापसासाठी आमूदर्या आणि सीरदर्या या नद्या वळवल्या आणि जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर, अरल समुद्र, एका पिढीच्या डोळ्यांदेखत आटले. तिथे भांडवलदार नव्हता, बाजार नव्हता, खासगी हक्क नव्हता. हक्क सगळा मॉस्कोच्या नावावर होता. पाणी सरकारच्या हाती दिले की न्याय होतो, असे समजणाऱ्यांनी अरल विसरू नये.

भारताकडे वळताना आकडा समोर ठेवू. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश आपला आहे, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहूनही अधिक. २०२३ च्या सरकारी मूल्यांकनात वार्षिक उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर निघाला आणि त्यातला ८७ टक्के सिंचनासाठी होता. हे पाणी कोणाचे? १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. सातबारा ज्याच्या नावे, तो हवे तितके उपसणार. भूमिहीनाच्या वाट्याला तळाशी काहीच नाही, दोन एकरवाल्याच्या वाट्याला शेजाऱ्याचा बोअर सहाशे फुटांवर जाईपर्यंतच पाणी. त्यात फुकट विजेची भर. पंजाबने हे केले, तेलंगणाने केले, महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज माफ केली. वीजबिलाने पिचलेल्या शेतकऱ्याला दिलासा हवा होता, यात शंका नाही. पण ज्याच्याकडे विहीर आणि पंप आहे त्यालाच तो मिळतो, आणि जो जास्त उपसतो त्याला जास्त मिळतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती यातून काय पडते, याचे उत्तर एकाही सरकारने दिलेले नाही.

आणि ऊस. महाराष्ट्राच्या लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम चार टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात सुमारे सत्तर टक्के, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे. २०२१-२२ च्या हंगामात भारताने विक्रमी अशी सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली आणि त्या वर्षी देशात सर्वाधिक साखर महाराष्ट्राने बनवली होती. एक किलो साखरेमागे जागतिक सरासरीने १,८०० लिटरच्या आसपास पाणी धरतात. गुणाकार केला तर त्या एका हंगामात आपण सुमारे सातशे टीएमसी पाणी साखरेच्या रूपाने देशाबाहेर पाठवले. जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सत्त्याहत्तर टीएमसीच्या आत-बाहेर आहे. म्हणजे नऊ जायकवाडी. या हिशेबात उसाने पावसातून घेतलेले पाणीही आहे, ते वेगळे काढले तर आकडा उतरेल. तरीही एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा होता, ही गोष्ट त्या उताराने पुसली जात नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: तुम्ही शेतकऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता. मी तसे करत नाही. ज्या पिकाचा भाव एफआरपीने बांधलेला आहे, जे न्यायला कारखान्याची गाडी फडात येते, ज्यावर सोसायटीचे कर्ज सहज मिळते आणि ज्याच्या रसाला आता इथेनॉलचेही गिऱ्हाईक आहे, ते पीक शेतकरी घेणारच. तुरीला, ज्वारीला, करडईला यांपैकी निम्मी हमी द्या आणि मग बघा. सौदी शेतकऱ्याने गहू पेरला तो चढ्या भावामुळे. पंजाबी शेतकरी साळ लावतो ती सरकारी खरेदीमुळे. पाण्याची खरी पेरणी भावाच्या आणि खरेदीच्या निर्णयात होते, शेतकरी त्या निर्णयाप्रमाणे नांगर धरतो.

दुसरे उत्तर ठिबकचे. इस्रायलला जाऊन आलेले शेतकरी आणि पुढारी तिथून ठिबकची गोष्ट घेऊन येतात. सिम्हा ब्लास, हात्झेरीम किबुत्झ, १९६५ ची नेताफिम कंपनी. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तिचा पहिला भाग १९५९ चा आहे. त्या वर्षी इस्रायलने कायद्याने देशातले सगळे पाणी सार्वजनिक ठरवले. जमीन तुमची असली तरी तिच्याखालचे पाणी तुमचे नाही. विहिरीला परवाना, उपशाला मीटर, शेतीला कोटा. कोटा आधी ठरला, म्हणून ठिबकने वाचलेले पाणी खरोखर वाचले. सांडपाण्यापैकी नव्वद टक्क्यांच्या जवळपास तिथे शुद्ध होऊन पुन्हा वापरात येते, तेही याच शिस्तीमुळे. मर्यादा न घालता ठिबक दिले की शेतकरी वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवतो आणि विहिरीची पातळी होती तिथेच, किंवा खाली जाते. स्पेनपासून मोरोक्कोपर्यंत हा अनुभव आला आहे. आपल्याकडेही ठिबकवर ऊसच वाढला तर वेगळे काय होणार? आणि इस्रायलच्या गोष्टीचा तिसरा भागही सांगायला हवा. वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी गावाला नवी विहीर खणायची तर १९६७ पासून इस्रायली परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. सार्वजनिक म्हणजे कोणाचे, हे ठरवण्याची सत्ता ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच शेवटी पाणी जाते.

ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यात उपशावर आधी कमाल मर्यादा घातली आणि मग तिच्या आत पाण्याचा बाजार उभा केला. मर्यादा असल्यामुळे तो चिलीइतका बेबंद झाला नाही. नदीसाठी सरकारने पाणी परतही विकत घेतले. पण तिथल्या मूळ रहिवाशांकडे पाण्याच्या हक्कांचा एक टक्काही नाही, आणि त्याच खोऱ्यातल्या मेनिंडीजवळ लाखो मासे मरून वर आलेले जगाने पाहिले.

माझ्या दृष्टीने या सगळ्यात सर्वांत धाडसी उत्तर एका मराठी माणसाने दिले. विलासराव साळुंखे हे पुण्यातले उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे त्यांनी पाहिली आणि नायगावात देवस्थानची ओसाड जमीन कसायला घेऊन प्रयोग सुरू केला. त्यातून पाणी पंचायतीचे नियम घडले. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. पाळी ठरवणारी समिती गावाची आणि पाटकरीही गावाचा.

आता हे नियम चिलीच्या जलसंहितेशेजारी ठेवून वाचा. दोन्हींनी एकच मूलगामी गोष्ट केली, पाणी जमिनीपासून तोडले. काळही जवळजवळ एकच. पण चिलीने तोडलेला हक्क बाजारात नेऊन ठेवला, म्हणून तो विकत घेता आला आणि एका ठिकाणी साठला. नायगावने तो माणसाला बांधला, म्हणून तो विकताच येत नव्हता. पाणीवाटपाच्या साऱ्या वादात हाच फाटा निर्णायक आहे. येरळा नदीवर बळीराजा धरण बांधणाऱ्या सांगली जिल्ह्यातल्या गावांनी आणि आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीने पुढे हाच धागा धरला. पाणी पंचायत काही तालुक्यांपुरती राहिली आणि तिच्या कित्येक उपसा योजना बंद पडल्या. त्याला वीजबिले कारण झाली, वरून पाठबळ मिळाले नाही, आणि शेजारी ऊस पिकत असताना आपण तो घ्यायचा नाही हा संयम एकट्या गावाला पेलण्यासारखा नव्हता. तत्त्व चुकले म्हणून योजना बंद पडल्या, असे मानायला मला आधार दिसत नाही.

केप टाऊनकडे पाहिले तर वाटेल की घरातल्या बचतीला मी फार कमी लेखतो. २०१८ मध्ये नळ बंद होण्याचा दिवस जवळ आला तेव्हा त्या शहराने माणशी पन्नास लिटरची मर्यादा घातली आणि तीन वर्षांत शहराचा रोजचा वापर निम्म्याखाली आला. हे मोठे काम होते. शहराची स्वतःची धरणे असली की घरातली बचत मोजावी लागते, हे मान्य. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ग्राबोच्या फळबागायतदारांच्या संघाने आपल्या धरणातले सुमारे दहा अब्ज लिटर पाणी शहरासाठी सोडले, आणि झोपडपट्ट्यांतली माणसे त्या संकटाच्या आधीपासूनच सार्वजनिक नळावर रांगेत उभी होती. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्यात एक तरतूद आहे जी मला आपल्याकडे हवीशी वाटते: माणसाच्या मूलभूत गरजेचे आणि नदी जिवंत राहण्यापुरते पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्याचेच वाटप करायचे. अंमलबजावणी तिथेही अपुरी आहे, पण क्रम कायद्यात लिहिलेला आहे.

गावांना हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन जुने दाखले आहेत. व्हॅलेन्सिया शहरात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात बसते आणि पाण्याच्या पाळीचे तंटे तोंडी मिटवते. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालली. कोणत्या फडात कोणते पीक, हे तिथे सगळे मिळून ठरवत. ऊसही घेतला जाई, पण पाळीने आणि ठरलेल्या फडातच.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ पासून आहे. भूजलाचा कायदा २००९ चा, २०१४ मध्ये लागू झाला. गोदावरीत वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडताना समन्यायी वाटपाचे तत्त्व वापरले गेले आणि दर वेळी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटला. वाद होणारच. वाटपाचा वाद उघड्यावर, आकड्यांसह झाला पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे. हिवरे बाजार हे गाव पोपटराव पवारांच्या पुढाकाराने हेच वर्षानुवर्षे करत आले आहे: पाऊस मोजायचा, पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडायचे, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि यंदा रब्बीला काय पेरायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे. यासाठी सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

यंदा परतीचा पाऊस थांबला की आपल्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: पाणी किती साठले, त्यातले पिण्यासाठी किती राखून ठेवले आणि बाकीचे कोणाच्या पिकाला जाणार. मिळेल ते उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि पुढच्या मे महिन्यात ते मागून वाचा.